नकाशाखालची जमीन

‘घर पाहावे बांधून’ असे आपले पूर्वज सांगून गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे विटा, चुना आणि गवंडी एवढेच असावेत. नकाशा मंजूर करून घेण्याचा योग त्यांच्या वाट्याला आला नव्हता. नागपूरकरांच्या वाट्याला तो पुरेपूर आला.

इथे पहिला प्रश्न असे तो दाराचा. महानगरपालिका १९५१ ची. नागपूर सुधार प्रन्यास तिच्याहून वडील, १९३६ च्या कायद्याने जन्मलेला. एकाच शहरात ही दोन बिऱ्हाडे कित्येक दशके नांदली आणि अर्जदार दोघांच्या पायऱ्या झिजवत राहिला.

कायदा मात्र नागरिकाच्या बाजूचा आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे कलम ४५ सांगते की, ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळाली असे समजावे. म्हणजे मौन हीच संमती! परंतु मौनावर कर्ज मिळत नाही, हे बँकेत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो. आमच्या टेबलावर शिक्क्याचा कागदच लागे. रजिस्ट्री पक्की, पगारपत्रक चोख, आणि तरी ‘मंजूर नकाशा?’ असे विचारताच समोरचा मान खाली घाली. ‘साहेब, ले-आऊटच मंजूर नाही हो.’ फाईल तिथेच मिटे. तो उठून जाई तो सावकाराकडे, नाहीतर बायकोच्या दागिन्यांकडे.

कारण खोट नकाशात नव्हती, त्याच्या खालच्या जमिनीत होती. शहराभोवतीच्या शेतजमिनी घेऊन, अकृषक परवाना न काढताच प्लॉट पाडले गेले आणि विकले गेले. ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे तर नागपुरात अशा ले-आऊटांची नावेच होऊन बसले. त्यांच्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ ही त्याची मूळ मर्यादा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे गेली. आधी शुल्क भरायचे, नियमितीकरणाचे पत्र म्हणजे ‘आर.एल.’ घ्यायचे आणि मग नकाशाचे बोलायचे.

डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीने लहान घरांची वाट सोपी केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानाधारक अभियंत्यामार्फत नकाशा दाखल करून पैसे भरले की ती पावतीच परवानगी. सुधारणा चांगलीच आहे. पण तिचा लाभ ज्याची जमीन कागदावर स्वच्छ आहे त्यालाच. उरलेल्यांची रांग आर.एल.च्या दारात आहे.

म्हणून प्लॉट घेणाऱ्याने आधी ले-आऊटचा आदेश पाहावा, भिंती मागाहून. आणि सरकारने एकेका प्लॉटधारकाला खेटे घालायला न लावता अख्खी वस्ती एकदम नियमित करावी. घर बांधणाऱ्याने शुल्क भरून आपली किंमत मोजली. प्लॉट पाडून, पैसे खिशात घालून निघून गेला, त्याने काय मोजले? हे विचारायचे दार या शहरात कुठे आहे?