बालकांचे औषध : मोठ्यांची गोळी अर्धी करून का देऊ नये?

"मोठ्यांची गोळी घरात आहे, तीच अर्धी करून बाळाला दिली तर चालेल का?" हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारला जातो. तो काटकसरीतून येतो, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गोळी पोटात गेली म्हणजे औषध रक्तात पोहोचले, असे नव्हे. प्रथम गोळी फुटते, मग औषध जठर व आतड्यांतील द्रवात विरघळते आणि विरघळलेले औषधच रक्तात शोषले जाते. हा द्रव बालकांत व प्रौढांत सारखा नसतो. जन्माच्या वेळी जठरातील आम्लता नगण्य असते. ती वाढत वाढत साधारणपणे दोन-तीन वर्षांच्या वयात प्रौढांइतकी होते. तान्ह्या बाळाच्या पोटात सतत दूध असल्याने असलेले आम्लही सौम्य होते. परिणामी आम्लाने नष्ट होणारे पेनिसिलिन नवजात बालकाच्या रक्तात अधिक पोहोचते, तर फिनोबार्बिटोनसारख्या औषधाचे शोषण मंदावते. नवजात बालकात पित्तक्षारही कमी असतात. त्यामुळे पाण्यात सहज न विरघळणारी औषधे मागे राहतात. म्हणूनच बालकाची मात्रा हा केवळ भागाकार नव्हे.

यावर उपाय म्हणजे बालकांसाठीच तयार केलेली औषधे. अतिसारात १४ दिवस द्यावयाची जस्ताची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळास ती अर्धी देतात, कारण तिची रचनाच त्यासाठी केलेली असते. बालक्षयरोगासाठी तीन औषधे एकत्र असलेली, पाण्यात विरणारी गोळी राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळते. तिची संख्या बालकाच्या वजनानुसार ठरते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतून ऊसतोडणीसाठी कित्येक महिने बाहेर राहणाऱ्या कुटुंबांना अशी गोळी सोबत नेणे बाटलीपेक्षा सोयीचे पडते. उपचार मध्येच खंडित होऊ नयेत, यासाठी ही सोय मोलाची आहे.

पातळ औषधातही सावधगिरी हवी. फिट्सवरील फेनिटॉइनच्या बाटलीत औषध विरघळलेले नसून तरंगत असते व तळाशी बसते. बाटली न हलवता दिल्यास आरंभी मात्रा अपुरी पडून फिट येऊ शकते आणि शेवटच्या चमच्यांत ती धोकादायक प्रमाणात वाढते.

पालकांना आमची नम्र विनंती आहे : डॉक्टरांना विचारल्याविना गोळी मोडू अथवा कुटू नये, बाटली प्रत्येक वेळी नीट हलवावी, आणि मात्रा औषधासोबतच्या मापानेच मोजावी. बालकांची स्वतंत्र औषधे साठ्यात ठेवणे खर्चाचे असते. तो भार देणगीदारांच्या औदार्यामुळे आम्ही उचलू शकतो.