शिक्का नसलेलं चीज

गार्स्टँगच्या वेशीवर पाटी आहे: जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव. इंग्लंडमध्ये प्रेस्टन आणि लँकेस्टरच्या मधलं हे जुनं बाजाराचं गाव, भोवती सगळी गाईंची कुरणं. फेअरट्रेड म्हणजे दूरदेशीच्या शेतकऱ्याला रास्त भाव देणारा व्यापार. पण इथल्या लोकांना घानातल्या कोको शेतकऱ्याची काळजी का पडावी? त्या कुतूहलापोटी गुरुवारच्या बाजाराला गेले. चॉकलेट बघायचं होतं, पण अडकले चीजच्या ठेल्यापाशी.

आंबूस, ओल्या गवताची आठवण देणारा वास. साठीचा ठेलेवाला तारेने जाड वडी कापत होता, कडा भुरभुर गळत होत्या. “लँकशायर. तीन दिवसांचं,” तो म्हणाला. लहान शेतकऱ्याकडे एका दिवसात अख्ख्या चीजपुरतं दूध निघत नसे. मग आजचं दूध विरजून, निवळी निथळून तो गोळा राखून ठेवायचा. दोन-तीन दिवसांचे गोळे एकत्र कुस्करून, मीठ घालून साच्यात दाबायचे. प्रत्येक दिवसाचा आंबटपणा निराळा, म्हणून ही भुरभुर. टंचाईनेच घडवलेली चव.

“चौऱ्याण्णवपर्यंत आमच्याही गाई होत्या.” हे साल तो पुन्हा पुन्हा काढत होता. १९९४ साली मिल्क मार्केटिंग बोर्ड मोडीत निघालं. शेतकऱ्यांचं सगळं दूध उचलणारं हक्काचं गिऱ्हाईकच गेलं आणि काही वर्षांत भाव कोसळले. गंमत म्हणजे चौऱ्याण्णवमध्येच फेअरट्रेडचा शिक्का असलेलं पहिलं चॉकलेट ब्रिटनच्या दुकानांत आलं. कोको होता बेलीझचा.

गाव फेअरट्रेडचं करायची मोहीम चालवली ती ब्रूस क्रौदर या पशुवैद्यांनी. त्यांनी गावातल्या वजनदार मंडळींना जेवायला बोलावलं आणि फेअरट्रेडच्या मालाबरोबर आसपासच्या शेतांतला माल वाढला. माझ्या मते सगळ्या मोहिमेतली हुशारी या एका पंगतीत आहे. एप्रिल २००० मध्ये जाहीर सभेत गावाने फेअरट्रेड गाव व्हायच्या बाजूने मत दिलं.

फेअरट्रेडमध्ये बाजार पडला तरी ठरलेली किमान किंमत मिळते. वर जादा रक्कम येते, ती कशावर खर्चायची ते शेतकऱ्यांची सहकारी संस्था ठरवते. दूध रस्त्यावर ओतलेलं पाहिलेल्या मराठी माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पण हा शिक्का आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या उत्पादकांसाठी. लँकशायरच्या दुधाला तो मिळत नाही.

“चहा फेअरट्रेडचाच पिता का?” मी विचारलं.

“अर्थात. त्यांना भाव नको का मिळायला?” वडी कागदात गुंडाळत तो म्हणाला. “दूध मात्र सुपरमार्केटचं. स्वस्त पडतं.”