फादर रस्त्यावर का उतरले? वसईच्या पाण्याची लढाई

बदलापूर : आपली उल्हास नदी पुढे वसईच्या खाडीला मिळते. त्या वसईत एका धर्मगुरूने पाण्यासाठी दिलेली लढाई आपणही समजून घ्यायला हवी.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसईच्या शेतीवर बिल्डरांची नजर गेली. विहिरींचं पाणी टँकरने बाहेर जाऊ लागलं. तेव्हा फादर ‘हरित वसई संरक्षण समिती’तून रस्त्यावर उतरले.

धर्मगुरूने यात का पडावं? किनाऱ्याजवळ विहिरी जास्त उपसल्या की गोडं पाणी खाली जातं आणि खारं आत शिरतं. मग केळी, भाजीपाला टिकत नाही. आणि बायबलप्रमाणे माणूस जमिनीचा राखणदार आहे. पोप फ्रान्सिस यांनी निसर्गरक्षणावरचं पत्र २०१५ साली काढलं. वसईकर त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीच उभे राहिले होते.

लढ्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. धमक्या आल्या, पण फादर मागे हटले नाहीत. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तिथेही ते वसईचे फादरच होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

वसईत इमारती वाढल्याच. सगळं काही वाचलं नाही. पण विहिरीचं पाणी हा गावाचा प्रश्न आहे, हे लोकांना कळलं.

मीही शेतकरी आहे, म्हणून सांगतो. तुमच्या शिवारात रोज टँकर भरताना दिसला तर गप्प बसू नका. ग्रामसभेत उभं राहून विचारा : पाणी किती जातं, परवानगी कुणाची?