हृदय रक्ताने भरलेले, मग झटका का येतो?

जायकवाडी काठोकाठ भरले तरी नळाला रोज पाणी येतेच असे नाही, हे छत्रपती संभाजीनगरकरांना वेगळे सांगायला नको. धरणात पाणी असणे वेगळे आणि ते घरापर्यंत पोहोचणे वेगळे. हृदयविकाराच्या झटक्याचेही तसेच आहे.

हृदयाची रचना कशी असते?

हृदय साधारण मुठीएवढे, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे असते. त्याचे चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद, तर खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. उजव्या आणि डाव्या बाजूंमध्ये पडदा असतो. चार झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात. या झडपा बंद होतानाचा आवाज म्हणजेच ‘लब-डब’.

रक्त कसे फिरते?

शहर उंचावर असल्याने जायकवाडीचे पाणी उपसून आणावे लागते. ते आधी फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात जाते. तेथून पुन्हा उपसून नक्षत्रवाडीला आणि मग शहरात येते. हृदयातही असेच दोन पंप आहेत.

१. शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त महाशिरांतून उजव्या अलिंदात आणि तेथून उजव्या निलयात येते.
२. उजवा निलय ते फुप्फुसांकडे पाठवतो. तेथे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो व ऑक्सिजन मिसळतो.
३. हे रक्त डाव्या अलिंदात आणि मग डाव्या निलयात येते.
४. डावा निलय ते महाधमनीतून शरीरभर ढकलतो. फुप्फुसे जवळ, पण मेंदू आणि पाय दूर. म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा बरीच जाड असते.

विश्रांतीच्या स्थितीतही हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे पाठवते. दिवसभरात ते जवळपास १ लाख वेळा धडधडते.

मग झटका का येतो?

हृदयाच्या जाड भिंतीला कप्प्यांतले रक्त थेट वापरता येत नाही. तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आहेत. महाधमनीच्या सुरुवातीलाच उजवी आणि डावी अशा दोन करोनरी धमन्या फुटतात. त्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. तो फुटला की तेथे गुठळी होते आणि रक्त अडते. धरण भरलेले, पण गल्लीतली पाइपलाइन बंद! पुढचा स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, तेथे व्रण राहतो.

काय करावे?

छातीच्या मध्यभागी दाब किंवा जडपणा, हात, जबडा वा पाठीत कळ, दरदरून घाम, धाप ही लक्षणे ‘गॅस झाला असेल’ म्हणून अंगावर काढू नका. महिला आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. १०८ वर फोन करा आणि लवकरात लवकर ईसीजी काढून घ्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी करून वाट मोकळी करता येते. मात्र ती जितकी लवकर होईल, तितका स्नायू वाचतो. नळाला पाणी उद्या आले तरी चालते, हृदयाला तेवढी सवड नसते.