कुंकवाचा रंग आणि दिव्याचे माप

महाद्वार रोडवर साडी घेणारी बाई दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवीत नाही. पदर हातात धरून ती दुकानाच्या पायरीवर येते, उन्हात रंग पाहते आणि मगच भाव करते. दिव्याची पारख करण्याचे सारे शास्त्र या एका कृतीत आहे. वस्तू तीच, प्रकाश दोन, आणि दोहोंत रंग किती बदलला त्याचा हिशेब. सिनेमाच्या सेटवर हा हिशेब आकड्यांनी करतात. मी शास्त्रज्ञ नव्हे. दिवे उचलणाऱ्या कामगारांची गाऱ्हाणी सोडवता सोडवता, पुस्तके चाळून आणि जाणत्यांना त्रास देऊन, मी हे शिकलो.

आपल्या गावाला हा प्रश्न नवा नाही. बाबूराव पेंटरांनी येथे चित्रपट काढावयास सुरुवात केली त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कपाळावरचे कुंकू पडद्यावर काळे उमटे. पुढे १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले. रंगाचे काम जर्मनीत झाले, पण पडद्यावर आलेले रंग मनासारखे नव्हते. तेव्हा अडचण फिल्मची आणि रसायनांची होती. आज कॅमेऱ्याला तांबडे दिसते, पण दिव्यातच तांबडे नसेल तर कॅमेऱ्याने काय करावे?

उद्यमनगरातल्या भट्टीत लोखंड तापताना आपण पाहिले असेल. आधी ते लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. याच क्रमाने प्रकाशाचे रंगतापमान केल्विनमध्ये सांगतात. सेटवरचा जुना तारेचा दिवा ३२०० केल्विनचा, तर दुपारचा उजेड सुमारे ५६०० चा धरतात. परंतु हा आकडा प्रकाश पिवळट की निळसर एवढेच सांगतो. त्याच्या पोटात कोणकोणते रंग आहेत हे सांगत नाही. तारेच्या दिव्याचा वर्णपट सलग असतो, कारण तापलेली तार सगळेच रंग बाहेर टाकते. साधा पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळे चूर्ण लावून त्याला पांढरा केलेला असतो. म्हणून त्याच्या वर्णपटात निळ्याचे शिखर दिसते, त्यापुढे खड्डा, नंतर पिवळ्याची टेकडी, आणि गडद तांबड्याकडे जाता जाता उतार. डोळ्याला तो पांढराच भासतो. माणसाच्या कातडीतून मात्र रक्ताची लाली परत येत असते. दिव्यात ती नसली की जिवंत चेहरा आजारी दिसतो.

हे मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९६५ साली एक पद्धत ठरविली आणि १९७४ मध्ये ती सुधारली. तिला सीआरआय म्हणतात. आठ फिक्या रंगांचे नमुने घ्यावयाचे, आदर्श प्रकाशात आणि या दिव्यात ते किती वेगळे दिसतील ते गणिताने काढावयाचे, आणि आठांची सरासरी घ्यावयाची. शंभर म्हणजे फरक नाही. खोक्यावर छापतात ती ही सरासरी. गडद तांबडा हा नववा नमुना आहे, तो या सरासरीत धरीतच नाहीत! कारखान्यात मॅनेजरचा आणि झाडूवाल्याचा पगार एकत्र करून सरासरी काढली की झाडूवाला सुखी दिसतो, हे आम्हां युनियनवाल्यांना पाठ आहे. येथे तर झाडूवाल्याचे नाव हजेरीपटावरच नाही.

काही वर्षांपूर्वी एका मालिकेच्या चित्रीकरणात, जुन्या वाड्याच्या स्वयंपाकघरात, नव्या सुनेचा चेहरा हिरवट आणि कुंकू विटकरी आले. एका लाइटमनवर ठपका ठेवून त्याच्या दिवसाचा खाडा धरला. मी गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी बाजारातून आणलेल्या एलईडी पट्टीचे खोके पुढे केले. त्यावर ८० लिहिलेले. “शंभरात ऐंशी, म्हणजे पहिला वर्ग!” एका कॅमेरामनकडून वर्णपटमापक आणला, नायिका बसते त्या जागी तिच्या गालाच्या उंचीवर धरला आणि तोंड पट्टीकडे केले. बाकीचे दिवे अर्थातच बंद. सरासरी ८१ आली. नववा आकडा आला ६.

रंग जुळविणाऱ्या कारागिराने नंतर दुरुस्त करावे, असेही एक उत्तर तेथे मिळाले. थोडेफार होते. पण तांबडे ओढून आणले की भिंत, भांडी, पातळ सगळेच त्याबरोबर लाल होते.

कॅमेरा म्हणजे माणसाचा डोळा नव्हे, म्हणून युरोपच्या प्रसारण संघाने २०१२ साली कॅमेऱ्याच्या नजरेने मोजणारा टीएलसीआय हा निर्देशांक पुढे आणला. त्यात ८५ च्या वर असलेल्या दिव्याला सहसा दुरुस्ती लागत नाही. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने त्याहून सरळ वाट काढली. नमुने नकोत, कॅमेराही नको, दिव्याचा वर्णपटच तारेच्या दिव्याशी किंवा उजेडाशी ताडून पाहावयाचा. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते. तथापि आपल्याकडच्या छोट्या युनिटला एवढे झेपत नसेल, तर निदान पहिल्या शॉटआधी नववा आकडा पाहून वहीत लिहावा आणि लाइटमनची सही घ्यावी, अशी आमची मागणी आहे. पट्टी निवडतो एक आणि खाडा पडतो दुसऱ्याचा, हे त्या वहीने थांबेल.

त्या लाइटमनचा खाडा रद्द झाला. पट्टी आमच्या कचेरीत टांगलेली आहे. पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे, येताना कुंकवाची डबी घेऊन यावी, आणि आधी ती दाराबाहेर उन्हात उघडून पाहावी.