एलियाहू हनाबीचा खडक आणि त्याच्या नावावरचे ग्रंथ

सातारकराला खंडाळा म्हटलं की पुणे-सातारा रस्त्यावरचा खंडाळा आठवतो, मुंबईकराला लोणावळ्याशेजारचा. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंचा खंडाळा तिसराच. तो अलिबाग तालुक्यात आहे. तिथल्या एका खडकाला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, इथून स्वर्गात गेला आणि त्याच्या अग्निरथाच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी श्रद्धा आहे. तिच्याभोवती गैरसमजही बरेच साचले आहेत.

‘ही गोष्ट जशीच्या तशी बायबलमध्ये आहे.’ हे अर्धंच खरं. अग्नीचा रथ, वावटळ, खाली पडलेला झगा आणि तो उचलणारा शिष्य अलीशा, हे सगळं राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पण तो प्रसंग घडतो यार्देन नदीपलीकडे. कोकणाचा तिथे उल्लेख नाही.

‘मग तो एखाद्या दडवलेल्या ग्रंथात असेल.’ तिथेही नाही. ‘एलियाचं प्रकटीकरण’ या नावाखाली दोन वेगळे ग्रंथ ओळखले जातात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक इजिप्तमधला, कॉप्टिक भाषेत टिकलेला, ख्रिस्ती हात फिरलेला. त्यात जगाच्या अखेरीस एलिया आणि बायबलमधलाच हनोख पृथ्वीवर उतरतात, खोट्या ख्रिस्ताला भर बाजारात जाब विचारतात, मारले जातात आणि साडेतीन दिवसांनी पुन्हा उठतात. दुसरा हिब्रू. त्यात मीखाएल देवदूत कर्मेल डोंगरावर एलियाला शेवटच्या काळातल्या लढाया सांगतो. दोन्हींचा रोख स्वर्गारोहणावर नाही, शेवटच्या दिवसांवर आहे.

‘ते एलियानेच लिहिले.’ अजिबात नाही. एलिया इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. कॉप्टिक ग्रंथ साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मानतात. जुन्या संदेष्ट्याच्या नावाने लिहिण्याची तेव्हा रीतच होती.

‘चर्चने तो लपवला’ हेही पटण्यासारखं नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ऑरिजेन बायबलमधल्या पौलाच्या पत्रातल्या एका वाक्याचं मूळ उघडपणे एलियाच्या ग्रंथात दाखवतो. हाती असलेल्या कॉप्टिक पाठात मात्र ते वाक्य सापडत नाही. पुढे धर्मशास्त्राबाहेरच्या पुस्तकांच्या एका जुन्या यादीत या ग्रंथाची लांबीसुद्धा नोंदली आहे : ३१६ ओळी. तो प्रमाण मानला गेला नाही, इतकंच.

मला सर्वांत खटकतो तो बेने इस्राएल एलियाच्या नावाने करतात त्या मलिद्याबद्दलचा गैरसमज. ‘हा तर गावचा नैवेद्य, यात ज्यू काय?’ असं सहज म्हटलं जातं. ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं; सगळं कोकणातलंच. पण त्या ताटासमोर प्रार्थना होते ती हिब्रूत, आणि नाव घेतलं जातं एलियाहू हनाबीचं. एलिया परत येईल, असं मलाखीचं पुस्तक सांगतं. म्हणूनच जगभरचे ज्यू वल्हांडणाला त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात आणि सुंतेच्या वेळी खुर्ची मांडतात. बेने इस्राएलांनी त्याच वाट पाहण्याला पोहे-खोबऱ्याची जोड दिली. हे उसनं नाही, त्यांचं स्वतःचं आहे.

ज्यू पंचांगातल्या शेवत महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, टाप्यावर मंडळी जमतात. तुम्हीही जरूर जा. फक्त ते सहलीचं ठिकाण नव्हे, प्रार्थनेची जागा आहे, एवढं ध्यानात ठेवा.