नव्या विंडोजमधले जुने भाडेकरू

विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो आहे. छपाईच्या धंद्यातल्या एका वाचकांनी तो सगळ्यांत नेमका मांडला : ‘माझा कॉम्प्युटर विंडोज ११ साठी योग्य आहे, असं मायक्रोसॉफ्टचंच तपासणी-ॲप सांगतंय. म्हणजे माझं पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट आणि प्रिंटर चालतील ना?’

तसं मुळीच समजू नका. पीसी हेल्थ चेक नावाचं हे ॲप प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किमान ४ जीबी आहे का, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आहे का, असल्या गोष्टी बघतं. त्या यंत्रावर तुम्ही पोटापाण्यासाठी काय चालवता, याची ते चौकशीही करत नाही.

पण जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर बिघडतोच का? त्याच्या फाइलमधला एक बिटही बदललेला नसतो. गोम अशी आहे की प्रोग्रॅम सिस्टिमच्या लिखित नियमांइतकाच तिच्या सवयींवरही जगतो. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियमच आहे : वापरणारे पुरेसे वाढले की सिस्टिमच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कुणी ना कुणी विसंबून असतंच, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

याचा माझा सर्वांत आवडता दाखला ‘सिमसिटी’ या शहर वसवण्याच्या खेळाचा. विंडोज ३ च्या काळातल्या त्याच्या आवृत्तीत एक चूक राहून गेली होती. हा खेळ मेमरीचा एक तुकडा वापरायचा, ‘झालं माझं काम’ म्हणून परत करायचा आणि लगेच त्याच तुकड्यातून पुन्हा वाचायचा. चाळीतली खोली सोडून, किल्ली मालकाच्या हातात देऊन झाल्यावर ‘भिंतीवरच्या कॅलेंडरात जरा तारीख बघून येतो’ म्हणत आत शिरणाऱ्या भाडेकरूसारखाच हा प्रकार. जुन्या विंडोजमध्ये खोली तशीच रिकामी पडून असायची, कॅलेंडरही जागच्या जागी. त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. विंडोज ९५ ची चाचणी सुरू झाली आणि खेळ कोसळू लागला. नवा मालक चपळ होता, मोकळी झालेली खोली लगेच दुसऱ्याला देत होता.

चूक शंभर टक्के खेळाची. तरी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने केली, आणि तीही विंडोजमध्ये! सिमसिटी चालू आहे असं दिसलं, की परत आलेली मेमरी लगेच मोकळी करायची नाही, अशी खास व्यवस्था विंडोज ९५ मध्ये बसवली गेली. यात परोपकार नव्हता. नवी सिस्टिम टाकल्यावर खेळ बंद पडला तर गिऱ्हाईक शिव्या खेळाला देत नाही, सिस्टिमला देतं.

मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी त्या काळातला आणखी एक किस्सा लिहून ठेवला आहे. विंडोज ९५ च्या डेव्हलपमेंट मॅनेजरने आपला ट्रक काढला, एगहेड नावाच्या सॉफ्टवेअरच्या दुकानात जाऊन तिथल्या प्रत्येक पीसी प्रोग्रॅमची एकेक प्रत उचलली आणि सगळा माल कॅन्टीनच्या टेबलांवर मांडला. टीममधल्या प्रत्येकाने दोनपर्यंत प्रोग्रॅम न्यायचे, सामान्य माणसासारखे वापरायचे आणि बारीकसारीक बिघाडही नोंदवायचे. मोबदला म्हणजे तो प्रोग्रॅम नंतर तुमचाच.

खोटं बोलण्याचीही या मंडळींना लाज नव्हती. विंडोज ९५ ची खरी आवृत्ती ४.०; पण जुन्या प्रोग्रॅमने विचारलं की ती स्वतःला ३.९५ म्हणवायची. कारण ‘किमान ३.१० हवी’ हे तपासताना अनेक प्रोग्रॅम दोन्ही आकडे सुटे-सुटे बघत. ४ हा ३ पेक्षा मोठा, ठीक. पण ० हा १० पेक्षा लहान, म्हणून नापास! ही परंपरा आजही चालू आहे. विंडोज ७ आतून ६.१ होती आणि विंडोज ११ आतून अजून १०.० च आहे. नव्या आवृत्तीच्या जाहिराती गुळगुळीत कोपऱ्यांच्या आणि एआयच्या. जुनं चालू ठेवणाऱ्या या माणसांची नावं मात्र कुणाला माहीत नसतात.

मात्र काही भिंतींपुढे त्यांचंही चालत नाही. १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये जुन्या ८०८६ चं सोंग घेण्याची सोय होती आणि विंडोजमधली डॉसची खिडकी तिच्यावरच चालायची. प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने चालू लागला की ती सोय नाहीशी होते. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती होती. विंडोज ११ ची नाही. म्हणून डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम अजून वापरात असेल, तर तो विंडोज ११ वर थेट चालणार नाही. दुसरी भिंत ड्रायव्हरची. ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर घेतच नाही. प्रिंटर, स्कॅनर आणि जुन्या मराठी पॅकेजांसोबत यायचं ते हार्डवेअर लॉक, तिन्हींची अडचण इथेच होते.

आता वाचकांच्या प्रश्नाकडे. आधी सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम टाइप’ बघा. तिथे ३२-बिट दिसलं तर आहे त्या विंडोजवरच विंडोज ११ चढवता येणार नाही, सगळं नव्याने टाकावं लागेल. प्रिंटर आणि लॉकसाठी कंपनीच्या साइटवर मॉडेलनुसार विंडोज ११ चा ड्रायव्हर शोधा. नसेल तर बेत तिथेच थांबवा. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची, पण ३२-बिट. ती चालण्याची शक्यता बरी आहे, हमी कुणीच देणार नाही. डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या एसएसडीवर काढा, अपग्रेड त्या प्रतीवर करा आणि रोजचं काम, अगदी छपाईपर्यंत, करून बघा. आहे त्या विंडोजवरच अपग्रेड केल्यावर मागे फिरायला विंडोज एरवी फक्त १० दिवस देते. हे जमणार नसेल तर जुनं यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ त्या कामापुरतं ठेवणं, हा कमीपणा नव्हे.

फॉन्टचा प्रश्न मात्र वेगळा आहे. श्रीलिपी, आयएसएम वगैरे मराठी पॅकेजांच्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. फाइलमध्ये ‘क’ म्हणून साठवलेला असतो भलत्याच अक्षराचा क्रमांक. फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे नुसती खिचडी, आणि तिथे कोणतीही विंडोज मदतीला येत नाही. तेव्हा अपग्रेड करा किंवा करू नका. जुनं पॅकेज चालतंय तोवर त्यातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून, एकदा मुद्रितशोधन करून, सुरक्षित ठेवा. हे काम मात्र या महिन्यातच सुरू करा.